एका नोंदीमागे सात माणसं

तंबाखूचा वास पुस्तकाला एकदा लागला की सुटत नाही. ऊन दाखवा, पानं फडफडवा, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, तो बांधणीच्या आत जाऊन बसतो. लहानपणी आमच्या घरून वाचनालयात परत जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला तो वास असायचा. ग्रंथपालकाका पुस्तक हातात घ्यायचे, शिवण बघायचे, पानांत खुणेला घातलेला विडीचा दोरा हलकेच ओढून काढायचे आणि बोटाला गुंडाळून माझ्या हातात ठेवायचे. "घे, अम्माला दे. वाया नको जायला." दोरा कारखान्यातून मोजून मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. तीन बाजूंनी खोल्या आणि मधे सामाईक अंगण. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कन्नड आणि पलीकडच्या गल्लीत उर्दू. नायना, म्हणजे वडील, मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. अम्मा विड्या वळायची. दुपारी अंगणात सावली सरकली की खोल्याखोल्यांतून बायका आपापलं सूप घेऊन बाहेर यायच्या. पानं आधीच भिजवलेली असायची. कात्रीनं पत्र्याच्या मापावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार. त्यातल्या ज्या वाकड्या किंवा पोचट निघतील, त्या कारखान्यात छाट म्हणून बाजूला पडायच्या आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. पंखा लावायचा नाही, कारण तंबाखू उडतो. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर गेला तरी नाही.

त्या अंगणात मी वाचून दाखवायचे. सात बायका खाली मान घालून वळत बसायच्या आणि मी पायरीवर बसून मोठ्यानं मराठी वाचायचे. दोन-चार वाक्यं झाली की तेलुगूत सांगायचे. बाजारहाटापुरतं मराठी सगळ्यांना यायचं, पण पुस्तकातलं मराठी वेगळं. मला स्वतःलाच कितीतरी शब्द अडायचे. माजघर, ओटी, पडवी, परसदार. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलीनं माजघर कुठं बघितलेलं असणार? मी ग्रंथपालकाकांना विचारलं, त्यांनी वहीच्या मागच्या पानावर कोकणातल्या घराचा नकाशाच काढून दिला. तो मी अंगणात नेऊन दाखवला. अम्मानं बराच वेळ बघून विचारलं, "यात बिऱ्हाडं किती?" एकच, असं सांगितल्यावर सगळ्याजणी गप्प झाल्या. मग शेजारची अक्का म्हणाली, "तर्वाता?" म्हणजे मग पुढं काय झालं. गोष्टीत कितीही परकं काही आलं तरी त्यांच्याकडं हा एक शब्द होता. तर्वाता?

देवघेवीच्या वहीत त्या दिवशी पडलेली नोंद एकच होती, माझ्या नावाची. एक सभासद, एक पुस्तक.

सभासद होणंही सोपं गेलं नव्हतं. साल 1981, मी अकरा वर्षांची. घराजवळच्या एका वाचनालयात गेले, तेव्हा तिथल्या माणसानं अर्ज दिला आणि खाली बोट ठेवलं. जुन्या सभासदाची शिफारस हवी. अनामत अम्मानं साठवून दिली होती, महिन्याची वर्गणीही होती, पण आमच्या अख्ख्या वाड्यात वाचनालयाचा सभासद कुणी नव्हता. शिफारस कुणाची आणणार? "मग वडलांना घेऊन ये," तो म्हणाला. नायनांची दिवसपाळी होती. सुट्टीच्या दिवशी ते आले तर त्यांना सही तेलुगूत करता यायची, आणि ती चालणार नाही म्हणून पुन्हा परत पाठवलं. नायना रस्त्यानं एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाबद्दलचा राग माझ्या मनातून आजही पुरता गेलेला नाही.

सही मिळाली ती वर्तमानपत्रांच्या खोलीतून. त्या वाचनालयाला दोन दारं होती. आतलं दार देवघेवीचं, तिथं सभासदालाच प्रवेश. बाहेरच्या दारावर पाटी होती, 'मुक्तद्वार वाचनालय'. तिथं वर्गणी नाही, नाव नाही, सही नाही. उतरत्या लाकडी मेजांवर वर्तमानपत्रं पसरलेली, मधून लोखंडी सळई, म्हणजे पान कुणी काढून नेऊ नये. दिवसभर तिथं माणसं उभ्यानं वाचत असायची. पाळी सुटलेले कामगार, हमाल, पेन्शनर, परीक्षेला बसलेली पोरं. मी आतल्या दारातून परत फिरून त्या खोलीत बसले होते, तर एका मिलमधून रिटायर झालेले जॉबरमामा (जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम) चष्म्यातून बघत म्हणाले, "काय झालं गं पोरी? का रडूलालीस?" ते कन्नड बोलणारे, मराठी सोलापुरी. मी सांगितलं. त्यांनी अर्ज मागून घेतला, मेजावर ठेवला आणि खिशातलं पेन काढून शिफारस करणाऱ्याच्या रकान्यात सावकाश सही केली. ते पंधरा वर्षांचे सभासद होते. माझं नावसुद्धा त्यांनी सही झाल्यावर विचारलं.

मुक्तद्वार हा मराठीतला मला फार आवडणारा शब्द आहे. कुणाला तो सरकारी वाटेल. मला तो ऐकला की ती सळई आणि ते पेन दिसतं.

पुढं मी शिक्षिका झाले आणि वाचनालयांविषयी मिळेल ते वाचत गेले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ती दोन दारं एका वेळी बसवलेली नाहीत. आतलं दार जुनं आहे, बाहेरचं नंतर उघडलं, आणि ते उघडायला शंभरच्या आसपास वर्षं गेली.

महाराष्ट्रातली जुनी वाचनालयं इंग्रजी अमलाच्या पहिल्या पन्नास वर्षांतली. नाशिकचं 1840 सालचं, पुण्याचं 1848 चं, कोल्हापूरचं 1850 चं. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या घडणीची नावं तेव्हा गावोगाव दिसतात. पुढाकार कुठं इंग्रज अधिकाऱ्याचा, कुठं सरदाराचा, कुठं वकील आणि शाळाखात्यातल्या मंडळींचा. वर्गणी भरेल तो सभासद, सभासद असेल तो वाचक. इंग्रजी पुस्तकांचा भरणा मोठा, कारण वर्गणी भरणाऱ्यांची वाचायची भाषा ती. मराठी ग्रंथ म्हणून वेगळे गोळा करावेत हा विचार संस्थेच्या नावातच आला तो शतक संपता संपता. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं आणि मुंबईचं 1898 चं. माझ्या मते मराठी वाचनालयांच्या इतिहासातलं ते पहिलं मोठं वळण. वाचनालय आपल्या भाषेत असू शकतं, हे तिथं ठरलं.

सोलापूरही याच काळात घडत होतं. इथली नगरपालिका 1852 ची, राज्यातल्या अगदी जुन्यांपैकी. 1860 मध्ये मुंबईकडून रेल्वे आली. रेल्वेनं कापूस बाहेर जाऊ लागला आणि मुंबईत छापलेली वर्तमानपत्रं आणि पुस्तकं आत येऊ लागली, एरवी ती बैलगाडीनं येत. 1870 च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला आमच्याकडं आजही जुनी मिल म्हणतात. मग नरसिंग गिरजी, मग लक्ष्मी, विष्णू, जाम. भोंग्यावर चालणारं शहर तयार झालं. तेलंगणातून विणकर आले, त्यांत माझे पणजोबा. कर्नाटकातून लोक आले, ते खरं तर आधीपासूनच इथं होते.

शहरातलं सगळ्यात जुनं आणि मोठं वाचनालय आज हिराचंद नेमचंद यांच्या नावानं ओळखलं जातं. बोलताना सगळे 'हि. ने.' म्हणतात. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे हे वडील. व्यापारी पेढीवरचा माणूस, आणि 'जैनबोधक' हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातून चालवलं. व्यापारी घराण्याचं नाव वाचनालयाला असणं ही आमच्या शहराची खास रीत म्हणता येईल. पुढं इथूनच जीवराज जैन ग्रंथमाला निघाली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन या विद्वानांनी संपादित केलेले प्राकृत-संस्कृत ग्रंथ त्या मालेत छापले गेले आणि सोलापूरचा शिक्का घेऊन जगभरातल्या विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसले. चादरीबरोबर हेही इथून गेलं. हे आमच्या शाळेतल्या मुलांना मी दरवर्षी सांगते, कारण चादर त्यांना माहीत असते, हे नसतं.

वाचायची भूक कामगारवस्तीतही होती, आणि ती आधी वर्तमानपत्राची होती. मे 1930 मध्ये सोलापूरनं इंग्रजी अंमल काही दिवस झुगारून दिला, मग मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. पुतळे सगळे बघतात. पण कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे आणि 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवणारे होते, हे फार थोड्यांच्या बोलण्यात येतं. ज्या शहरात कामगारांचा पुढारी पत्र काढतो, तिथं एकजण वाचणारा आणि दहाजण भोवती ऐकणारे असणारच. आमचं अंगण त्याच रीतीतलं, असं मला वाटत आलंय.

बाहेरच्या दाराचा विचार आपल्याकडं राज्यकर्त्यांमध्ये प्रथम ठळकपणे केला सयाजीराव गायकवाडांनी. बडोद्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या हाताला वाचायला काही नसेल तर तो अक्षर विसरेल. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत जाळं उभं केलं. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरायच्या. मुंबई इलाख्यात त्याला वेळ लागला. बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं 1939 मध्ये असफ अली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 1940 मध्ये तिचा अहवाल आला. मुंबईला मध्यवर्ती, पुणे-अहमदाबाद-धारवाडला विभागीय, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव, अशी उतरंड तिनं मांडली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत फारसं काही झालं नाही. स्वातंत्र्यानंतर अंमल सुरू झाला तेव्हा सरकारनं नवीन ग्रंथालयं बांधण्याऐवजी गावोगाव लोकांनी वर्गणीवर चालवलेली जुनी वाचनालयं हाताशी धरली. अनुदान घ्या, बदल्यात दार सगळ्यांना उघडा. आमच्या त्या दोन दारांचा उगम मला इथं सापडला. वर्गणीचं आतलं दार संस्थेचं, मुक्तद्वाराची पाटी लोकांच्या पैशाची.

पुढची गोष्ट सोलापूरकरानं नकाशा समोर ठेवून वाचावी. 1956 पर्यंत सोलापूर आणि विजापूर एकाच राज्यात होते. फैजी समितीची उतरंड दोघांना सारखी. भाषावार प्रांतरचना झाली, विजापूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तिकडं 1965 मध्ये ग्रंथालय कायदा झाला, त्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसला, आज तो 6 टक्के आहे. शहर ग्रंथालयं सरकारी झाली. आमच्याकडं 1967 मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. त्यात उपकर नाही. ग्रंथालय लोकांच्या संस्थेनं चालवायचं, सरकारनं अनुदान द्यायचं. शंभर किलोमीटरवरच्या दोन शहरांत माणसं तीच, भाषांची सरमिसळ तीच, कधी कधी नातीगोतीसुद्धा तीच. माझी थोरली बहीण विजापुरात दिलेली आहे. अक्काकडं गेले की मी तिथलं ग्रंथालय बघून येते. तिथं पुस्तकं कमी-जास्त असतील, खोल्या अंधाऱ्या असतील, पण अक्का घरपट्टी भरते तेव्हा त्यातला एक हिस्सा पुस्तकांचा असतो आणि पावतीवर तो तिला दिसतो. मी सोलापुरात भरते त्या पावतीवर तो रकाना नाही.

आपल्याकडच्या पद्धतीत एक मोठेपणा आहे, तो मी नाकारणार नाही. या राज्यात अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि त्यांतली जवळपास सगळी कुणा ना कुणा गावकऱ्यांनी, पेठेतल्या मंडळींनी, शिक्षकांनी उभी केलेली आहेत. हुकूम आला म्हणून नव्हे, आपल्याला हवं होतं म्हणून. पण उपकर नको म्हटल्यावर सगळा भार अनुदानावर आला आणि अनुदान आलं ते मोजमापावर. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती, दार किती तास उघडं, यावर अ, ब, क, ड असे वर्ग. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली. तेव्हा ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला मिळणारे 30,000 रुपये 48,000 झाले. म्हणजे महिन्याला 4,000. त्यात जो माणूस रोज दार उघडतो त्याचा पगार, वर्तमानपत्रांचं बिल, वीज, जागेचं भाडं आणि नवी पुस्तकं. तेही हप्त्यानं, हप्ता येईल तेव्हा. अशा पगारावर आयुष्य काढलेली माणसं मी बघितली आहेत. दुपारी दुसरीकडं हिशेब लिहायला जायचं आणि संध्याकाळी येऊन वाचनालयाचं कुलूप काढायचं. माझ्या ग्रंथपालकाकांनी तेच केलं. त्यांचा शर्ट कॉलरला उसवलेला असायचा, आणि माझ्यासाठी कपाटाच्या वरच्या फळीवर तीन पुस्तकं बाजूला काढून ठेवलेली असायची.

ते गेले तेव्हा मी परगावी होते. कळलं ते आठ दिवसांनी.

मिल बंद पडल्या तेव्हाचं एक सांगायलाच हवं. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला आणि नायना घरी बसले. हजारो घरांत तसंच. पहिले काही दिवस ते पाळीच्या वेळेला उठून, आंघोळ करून, डबा न घेता बाहेर पडायचे. कुठं जातात ते अम्मानं विचारलं नाही. एकदा मी त्याच वाचनालयात गेले तर बाहेरच्या खोलीत, सळईच्या मेजाशी नायना उभे. त्यांना मराठी वाचता यायचं, पण अक्षर अक्षर जुळवत. बोट ओळीखालून सरकवत होते. आजूबाजूला त्यांच्याच खात्यातले चार-पाच जण. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माणसाला सकाळी घरातून निघून जायला एक ठिकाण लागतं, आणि जिथं कुणी 'काय काम आहे?' असं विचारत नाही अशी जागा शहरात दोनच होत्या, एक सिद्धेश्वराचं देऊळ आणि दुसरी ही. मी दारातूनच परत फिरले. पुढं ते पॉवरलूमवर कामाला लागले, पण सुट्टीच्या दिवशीचं जाणं सुटलं नाही. दोन वर्षांत ते बोट न लावता वाचायला लागले. वयाच्या पन्नाशीत. त्यांची नोंद वाचनालयाच्या कुठल्याच वहीत नाही. ते कधीच सभासद झाले नाहीत. त्या एका सहीनंतर आतल्या दारानं त्यांना कधी जावंसं वाटलं नाही.

म्हणून 'वाचक कमी झाले' हे वाक्य कुणी आकडे दाखवून बोललं की मी आधी विचारते, कुठल्या दारावर मोजले?

आकडे कमी झालेत हे खरंच आहे. साडेनऊ लाखांच्या शहरात (ही 2011 ची गणना, आता आणखी भर पडली असणार) वाचनालयाचं कार्ड ज्याच्या पाकिटात आहे असा माणूस शोधावा लागतो. बातम्या मोबाईलवर आल्या आणि वर्तमानपत्रांच्या खोलीतली गर्दी ओसरली. तिथल्या मेजांच्या जागी आता ठिकठिकाणी अभ्यासिका झाल्यात. स्पर्धापरीक्षेची मुलं सकाळी सहापासून रात्रीपर्यंत आपापल्या कप्प्यात बसतात. काही जुने वाचक यावर नाराज आहेत, म्हणतात, ही मुलं वाचनालयाचं पुस्तक घेतच नाहीत, नुसती जागा वापरतात. मला ते पटत नाही. एका खोलीतल्या घरात अभ्यास करायला कोपरा मिळत नाही, हे मला माहीत आहे. शांतता आणि दिवा हीसुद्धा वाचनालयानं द्यायचीच गोष्ट आहे. फक्त त्या मुलांना कपाटापर्यंत नेणारं कुणीतरी हवं, आणि अशा अनुदानात तसं माणूस कुठून ठेवणार?

आणखी एक सल आहे. या शहरात चार भाषांत साहित्यिक घडले. लक्ष्मीनारायण बोल्लींसारखे तेलुगू घरातून आलेले लेखक मराठीत लिहून मोठे झाले. 1941 मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली इथं साहित्य संमेलन भरलं, 2006 मध्ये पुन्हा भरलं तेव्हा अध्यक्षपदी मारुती चितमपल्ली होते, ते याच मातीत जन्मलेले. पण पेठेपेठेतल्या लहान वाचनालयांत तेलुगू आणि कन्नडची कपाटं मी लहानपणी बघितलेली आज सापडत नाहीत. उर्दूची काही ठिकाणी टिकून आहेत, ती त्या त्या वस्तीनं जपली म्हणून. आमच्या भागातल्या एका वाचनालयाचं तेलुगू कपाट मध्यंतरी जागा हवी म्हणून रिकामं केलं गेलं. मला कळेपर्यंत पुस्तकं सुतळीनं बांधून रद्दीत गेली होती. त्यांतली दोन मी रद्दीवाल्याकडून विकत आणली. एकाच्या आत आमच्याच अंगणातल्या अव्वाच्या मुलाचं नाव होतं, तेलुगूत, पेन्सिलीनं. ती दोन्ही घरी ठेवली आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटलं की कडा हातात येते. सोलापूरच्या कोरड्या हवेत कागद लवकर वाळून मोडतो. तो जपायचा तर त्याला कापडी वेष्टण, अंधार आणि हाताळणारं माहीतगार माणूस लागतं.

आता मी आठवड्यातून तीन संध्याकाळी पूर्व भागातल्या एका लहान वाचनालयात देवघेवीला बसते. पगार नाही, मागितलाही नाही. खोली एक, कपाटं नऊ, पंखा एक. शिफारशीची अट समितीनं काढून टाकली आहे. त्यासाठी मी दोन बैठका भांडले. आता अर्जावर पालकाची सही लागते, ती कुठल्याही लिपीत चालते, आणि अंगठाही चालतो.

मागच्या महिन्यात एक मुलगी पुस्तक घेऊन आली. सातवीत असेल. चार दिवस उशीर झाला होता. पुस्तक हातात घेतलं आणि मला वास आला. मी पानं उघडली तर शेवटून दुसऱ्या पानात दोरा. तो काढू लागले तर तिनं पटकन पुस्तकावर हात ठेवला.

"मॅडम, काढू नका. खूण आहे."

"घरी वाचून दाखवतेस?"

तिनं मान हलवली. "अम्मा आणि शेजारच्या. काल कारखान्याला माल द्यायचा होता, म्हणून राहिलं."

"किती जणी असता?"

तिनं बोटांवर मोजलं. "नऊ. नाही, दहा. अव्वा झोपते, पण ऐकते."

मी नोंदवही उघडली. तिचं नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, तारीख. शेऱ्याच्या रकान्यात, जिथं 'फाटके' किंवा 'पान गहाळ' असं लिहायचं असतं, तिथं मी 10 हा आकडा लिहिला. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी विचारलं तर सांगेन.

"मग, परत घेऊ की राहू दे?"

"राहू दे. एकच पान राहिलंय," ती म्हणाली. "मुदत वाढवून द्या."